धुळ्यात नऊ, जळगावात एक

नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा हातात घेता घेता शेजारी दोन प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते? आणि नंबर कोणता मिळाला? पहिल्याचे उत्तर इंजिन देते. दुसऱ्याचे उत्तर पूर्वी आरटीओच्या खिडकीवर मिळत असे. आता ते घरी बसून मोबाईलवर निवडता येते. पडद्यावर शिल्लक नंबरांची यादी येते आणि घरात चर्चा सुरू होते. कुणाला जन्मतारीख हवी असते, कुणाला जुन्या गाडीचाच नंबर. कुणी म्हणते, "काहीही घ्या, पण आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे." त्यासाठी काही हजार रुपये जास्त मोजायचीही तयारी असते.

ही चर्चा मुलांच्या कानावर पडतेच. शाळेत येऊन ती विचारतात, "सर, नऊ खरंच चांगला असतो का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देऊन मोकळे होता येईल. पण नंबर प्लेट हे गणिताचे फुकट मिळणारे साधन आहे, तेव्हा उत्तर मुलांनाच शोधू द्यावे असे आम्हाला वाटते. त्यासाठी बेरीज, गुणाकार आणि थोडा धीर एवढे पुरते.

नंबरात काय लिहिलेले असते?

समजा, एका गाडीचा नंबर आहे एमएच १९ सीडी ४७२५. पहिली दोन अक्षरे राज्याची. १९८८ चा मोटार वाहन कायदा जुलै १९८९ पासून लागू झाला, तेव्हापासून ही पद्धत आहे. पुढचे दोन आकडे नोंदणी कार्यालयाचे. १९ म्हणजे जळगाव, १८ म्हणजे धुळे, ३९ म्हणजे नंदुरबार. आपण बोलतानाही '१९ ची गाडी' किंवा 'धुळे पासिंग' म्हणतो, ते यावरूनच.

हे आकडे कसेही दिलेले नाहीत. महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवा. मुंबई आणि कोकण ०१ ते ०८, कोल्हापूरपासून पुणे-सोलापूरपर्यंत ०९ ते १४, नाशिकपासून जळगावपर्यंत १५ ते १९, मराठवाडा २० ते २६, त्यानंतर विदर्भ. मग खान्देशातलाच नंदुरबार एकदम ३९ वर कसा गेला? नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तोवर आधीचे आकडे वाटून झाले होते. नव्या वाशिमला ३७, हिंगोलीला ३८ आणि नंदुरबारला ३९ मिळाला. शहादा-तळोद्याकडे एखादी खूप जुनी मोटारसायकल १८ नंबरची दिसली, तर तिच्यावर जिल्ह्याचा इतिहास लिहिलेला आहे असे समजावे.

त्यानंतर येतात मालिकेची अक्षरे. 'आय' आणि 'ओ' ही इंग्रजी अक्षरे मालिकेत वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. राहिली २४. एका अक्षराच्या मालिका २४ आणि दोन अक्षरांच्या २४ × २४ = ५७६, मिळून ६००. प्रत्येक मालिकेत ०००१ ते ९९९९ असे ९९९९ नंबर. म्हणजे एका कार्यालयाकडे ५९,९९,४०० नंबर झाले. साठ लाखांना बरोबर सहाशे कमी. हे सहाशे कुठे गेले, ते मुलांना विचारा. (०००० हा नंबर कोणत्याच मालिकेत देत नाहीत.)

निवड कशी होते?

दुचाकी, चारचाकी आणि मालवाहू वाहनांना सहसा वेगवेगळ्या मालिका असतात. काहीही न मागता गाडी नोंदवली, तर चालू मालिकेतला क्रमाने येणारा नंबर मिळतो आणि निवडीचे वेगळे शुल्क पडत नाही. विशिष्ट नंबर हवा असेल तर शुल्क आहे. महाराष्ट्रात हे दर ऑगस्ट २०२४ मध्ये वाढले. जळगाव-धुळ्यासारख्या कार्यालयांत चारचाकीसाठी ०००१ चे शुल्क ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाले. मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी ते ६ लाख ठरले. दुचाकीसाठी ०००१ एक लाखाला. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ यांना चारचाकीसाठी अडीच लाख. त्याखाली उतरत्या दराच्या आणखी याद्या आहेत.

२०२४ च्या अखेरीपासून ही निवड ऑनलाइन करता येऊ लागली. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर जायचे, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा, आपले कार्यालय आणि वाहनाचा प्रकार निवडायचा, शिल्लक नंबरांतून एक घ्यायचा, पैसे भरायचे आणि पावती शोरूमवाल्याला द्यायची. जो आधी येईल त्याला नंबर, हा इथला नियम. नवी मालिका उघडताना मात्र एकाच नंबरावर अनेकांचा डोळा असतो. अशा वेळी ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त रकमेचा डिमांड ड्राफ्ट बंद पाकिटात मागवायचा आणि सर्वांत मोठ्या रकमेला नंबर द्यायचा, ही पद्धत आरटीओ कार्यालये वापरत आली आहेत. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

वेगळा दिसणारा नंबर किती दुर्मीळ?

चारही आकडे सारखे असलेले नंबर एका मालिकेत फक्त नऊ : ११११ पासून ९९९९ पर्यंत. १२१२ सारखी जोडी दोनदा येणारे ९०. ११२२ सारखे ९०. उलटसुलट सारखेच वाचता येणारे, म्हणजे १२२१ सारखे, तेही ९०. हे मोजायला सोपे आहे. पहिल्या आकड्याला दहा पर्याय, दुसऱ्याला उरलेले नऊ, आणि पुढचे दोन आपोआप ठरतात.

आता उलट प्रश्न विचारा. चारही आकडे वेगवेगळे असलेले नंबर किती? पहिल्या जागी १०, दुसऱ्या जागी ९, मग ८, मग ७. गुणाकार ५०४०. म्हणजे उरलेल्या ४९५९ नंबरांत कोणता ना कोणता आकडा पुन्हा आलेला आहे. जवळजवळ निम्मे! वर्गात आधी अंदाज लिहायला सांगा. बहुतेक मुले याहून बरीच कमी संख्या लिहितील, असे आमचे भाकीत आहे. ठळक दिसणारे थोडे नंबर लक्षात राहतात आणि साधी पुनरावृत्ती असलेले हजारो नंबर डोळ्यांसमोरून निघून जातात.

बेरीज नऊ म्हणजे काय?

४७२५ घ्या. ४ + ७ + २ + ५ = १८, आणि १ + ८ = ९. एकच आकडा उरेपर्यंत बेरीज करत जाण्याची ही रीत. तिला आपण एकअंकी बेरीज म्हणू.

या बेरजेत गूढ काही नाही. हजार म्हणजे ९९९ + १, शंभर म्हणजे ९९ + १, दहा म्हणजे ९ + १. म्हणून ४७२५ मधून ४ × ९९९, ७ × ९९ आणि २ × ९ काढून टाकले की उरते ४ + ७ + २ + ५. काढून टाकलेला सगळा भाग नऊच्या पटीतला आहे. म्हणजे आकड्यांची बेरीज करणे हे संख्येला नऊने भागून बाकी काढण्याचेच काम आहे. बाकी शून्य आली की एकअंकी बेरीज ९ असते. आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून नऊला हा मान मिळाला. आठ आकड्यांच्या पद्धतीत लिहीत असतो, तर तो साताला मिळाला असता.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे ९९९९ ला ९ ने पूर्ण भाग जातो, भागाकार ११११. म्हणून प्रत्येक मालिकेत १ बेरजेचे ११११, २ बेरजेचे ११११, असे करत ९ बेरजेचेही ११११ नंबर असतात. एकही कमी-जास्त नाही. दुसरी म्हणजे ओळीने येणाऱ्या नंबरांची एकअंकी बेरीज १, २, ३ … ९ अशी फिरत राहते. क्रमाने नंबर देत गेले, तर दर नववा नंबर ९ बेरजेचा असतो. त्यात दुर्मीळ असे काही नाही.

आता खरी गंमत. बेरीज फक्त शेवटच्या चार आकड्यांची करायची, की पुढचा कार्यालयाचा आकडाही धरायचा? अंकशास्त्र सांगणाऱ्यांत दोन्ही रीती आढळतात. दोन्ही करून पाहू. तोच ४७२५ धुळ्यात घेतला तर १ + ८ + १८ = २७, म्हणजे पुन्हा ९. जळगावात घेतला तर १ + ९ + १८ = २८, त्याचे १०, त्याचा १. नंदुरबारात ३ + ९ + १८ = ३०, म्हणजे ३.

कारण उघड आहे. १८ ला नऊने पूर्ण भाग जातो, म्हणून धुळ्याचा आकडा मिळवला तरी बेरजेत फरक पडत नाही. १९ मध्ये बाकी १ राहते, म्हणून जळगावातली प्रत्येक बेरीज एक घर पुढे सरकते. गाडी तीच, इंजिन तेच, चालवणारा तोच. सगळा बदल कुणीतरी नकाशावर पाडलेल्या क्रमाने घडवला. काही जण इंग्रजी अक्षरांनाही किमती देऊन बेरजेत धरतात. मग उत्तर आणखी बदलते. शुभ आकडा असा नंबरात बसलेला नसतो, तो मोजण्याच्या रीतीत असतो, आणि रीत आपण ठरवतो.

पाटण्याचा अंकपाश

आकड्यांच्या बेरजेचा हा प्रश्न खान्देशला नवा नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. या मठात ज्यांचा अभ्यास व्हायचा, त्या ग्रंथांत ११५० च्या सुमाराची 'लीलावती' होती. तिचे शेवटचे प्रकरण 'अंकपाश' हे नंबर प्लेटच्याच गणिताचे आहे : दिलेल्या आकड्यांपासून किती संख्या होतात, आणि दिलेली बेरीज येणाऱ्या संख्या किती.

त्यातला एक प्रश्न असा, आपल्या शब्दांत. पाच जागा आहेत, शून्य वापरायचे नाही, आणि बेरीज १३ हवी. अशा संख्या किती? तेरा खडे एका ओळीत मांडा. त्यांच्यामध्ये बारा फटी आहेत. त्यातल्या चार फटींत काड्या ठेवल्या की खड्यांचे पाच गट पडतात. प्रत्येक गट म्हणजे एक आकडा. बारातून चार फटी निवडण्याचे प्रकार (१२ × ११ × १० × ९) ÷ (१ × २ × ३ × ४) = ४९५. भास्कराचार्यांचे उत्तरही हेच आहे.

हीच युक्ती आपल्या प्लेटला लावू. चार आकड्यांची थेट बेरीज ९ हवी आणि शून्य चालेल. प्रत्येक आकड्यात एक मिळवा, म्हणजे शून्याची अडचण जाते आणि बेरीज होते १३. पुन्हा तेरा खडे, बारा फटी, पण या वेळी तीनच काड्या. (१२ × ११ × १०) ÷ (१ × २ × ३) = २२०. म्हणजे थेट ९ बेरजेचे नंबर २२०. बेरीज २७ असलेलेही २२० (प्रत्येक आकडा ९ मधून वजा करून पाहा), बेरीज ३६ असलेला एकच, तो ९९९९. बेरीज १८ असलेले किती? एकूण ११११ हवेत, म्हणून ११११ − २२० − २२० − १ = ६७०. मोठ्या मुलांनी हा आकडा स्वतंत्रपणे काढून ताळा पाहावा.

शुभ नंबर तपासायचा कसा?

समजा, कुणी ठामपणे म्हणाले की ९ बेरजेच्या गाड्यांना अपघात कमी होतात. ही गोष्ट तपासता येण्यासारखी आहे, म्हणून ती वैज्ञानिक चर्चेत घेता येते. अपघाताच्या बातम्यांत वर्तमानपत्रे बरेचदा वाहनाचा नंबर देतात. असे ९० नंबर जमवा. बेरजेचा काही संबंध नसेल, तर त्यात ९ बेरजेचे साधारण १० असावेत. पण बरोबर १० येतीलच असे नाही. एवढ्या लहान नमुन्यात ४ ते १६ पर्यंतचा फरक केवळ योगायोगानेही पडतो. कुणाला ७ मिळाले म्हणून नऊ शुभ ठरत नाही आणि १३ मिळाले म्हणून अशुभही नाही.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. लोक ९ मुद्दाम मागून घेत असतील, तर रस्त्यावर मुळातच ९ बेरजेच्या गाड्या नवव्या भागाहून जास्त असतील. मग अपघातांतही त्या जास्त दिसतील. म्हणून अपघाताच्या यादीशेजारी त्याच भागातल्या साध्या उभ्या गाड्यांची यादी हवी. तुलनेशिवाय निष्कर्ष नाही. ही सवय मुलांना लागली, तर औषधांच्या जाहिराती वाचतानाही ती कामी येईल.

आणखी एक तपासणी जग आपल्यासाठी करून ठेवते. हाँगकाँगमध्ये ८ असलेल्या नंबरांना जास्त भाव मिळतो आणि ४ असलेल्यांना कमी, कारण तिथल्या बोलीत चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आणि आठचा भरभराटीच्या शब्दासारखा आहे. आयर्लंडमध्ये प्लेटवर वर्षाचे दोन आकडे येत. २०१३ मध्ये तिथे '१३' टाळून १३१ आणि १३२ असे लिहिण्याची पद्धत आली. वर्षाच्या उत्तरार्धात विक्री वाढावी, हाही हेतू त्यात होता. आपल्याकडे चारला कुणी भीत नाही. उलट इंग्रजी आकड्यांत विशिष्ट वळणाने लिहिलेला ४१४१ 'दादा' वाचता येतो, म्हणून त्याला मागणी असते. एकच आकडा एका देशात नकोसा आणि दुसऱ्या देशात हवासा असेल, तर कारण आकड्यात शोधायचे की माणसांत?

मग किंमत कुठून येते?

किंमत खोटी मात्र नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणातल्या एचआर ८८ बी ८८८८ या नंबरावर ऑनलाइन लिलावात १ कोटी १७ लाखांची बोली लागली. इंग्रजी 'बी' आठसारखा दिसतो, म्हणून सगळी प्लेट आठांची वाटते. बोली लावणाऱ्याने मुदतीत पैसे भरले नाहीत आणि त्याची अनामत रक्कम जप्त झाली. चढाओढीत बोललेला आकडा आणि शांतपणे मोजायची रक्कम यांत किती अंतर पडू शकते, हे यातून दिसते.

आता बंद पाकिटाकडे येऊ. समजा, एखादा नंबर तुम्हाला फार तर ४० हजारांचा वाटतो. पाकिटात किती लिहाल? पुरते ४० हजार लिहिले आणि जिंकलात, तर फायदा काहीच नाही. म्हणून प्रत्येक जण आपल्या खऱ्या किमतीपेक्षा कमी लिहितो आणि इतरांनी किती लिहिले असेल याचा अंदाज बांधत बसतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये एक वेगळा नियम अभ्यासला : नंबर सर्वांत मोठ्या रकमेच्या पाकिटाला, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या पाकिटाइतके. या नियमात खरी किंमत लिहिणेच हिताचे ठरते. ३० हजार लिहिले आणि दुसऱ्याचे ३५ हजार असले, तर ३५ ला परवडणारी वस्तू हातची जाते. ५० हजार लिहिले आणि दुसऱ्याचे ४५ हजार असले, तर ४० च्या वस्तूला ४५ द्यावे लागतात. विकरी यांना १९९६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या कामाचाही वाटा होता.

रांग, लिलाव आणि चिठ्ठी या वाटपाच्या तीन रीती. रांगेत वेळ आणि वेगवान इंटरनेट असलेल्याचा फायदा होतो, लिलावात पैसेवाल्याचा, चिठ्ठीत कुणाचाच खास नाही. शासनाला महसूल मिळतो तो शुल्कातून आणि लिलावातून. यातली कोणती रीत कोणत्या वस्तूला योग्य, यावर नववी-दहावीच्या वर्गात चांगली चर्चा होऊ शकते. नंबराऐवजी वसतिगृहातल्या जागा वाटायच्या असतील, तर उत्तर बदलेल का?

करून पाहा

१. शाळेच्या आवारात किंवा गावातल्या वाहनतळावर उभ्या असलेल्या १०० गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहून घ्या. महामार्गाच्या कडेला उभे राहून हे काम करू नये. जुन्या प्लेटवर ००२७ ऐवजी नुसते २७ असते. तिथे पुढे शून्ये धरा. पुनरावृत्ती असलेले नंबर किती? ४० ते ६० च्या दरम्यान यायला हवेत. चारचाकी आणि दुचाकी वेगळ्या मोजल्या, तर फरक पडतो का?

२. कोणत्याही २० गाड्यांचे शेवटचे दोन आकडे पाहा. किमान दोन गाड्यांचे जुळण्याची शक्यता ८७ टक्के आहे. १३ गाड्यांतही ती निम्म्याहून जास्त असते.

३. बसस्थानकावरच्या एसटी बसचे कार्यालयाचे आकडे लिहा. जळगाव आगाराच्या बसवर १४, २० किंवा ४० का दिसतो? एसटीच्या बस दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा येथील कार्यशाळांत बांधल्या जातात, नोंदणीही तिकडे होते. प्लेट गाडीचे मूळ सांगते, मुक्काम नव्हे.

४. वर्गात एका पेन्सिलीचा बंद पाकिटातला लिलाव दोन्ही नियमांनी करा. पैशांऐवजी चिंचोके वापरा. आधी प्रत्येकाने आपली खरी किंमत वेगळ्या कागदावर लिहून ठेवायची आणि शेवटी ती पाकिटातल्या आकड्याशी ताडून पाहायची.

५. आपल्या जिल्ह्याच्या आकड्याची एकअंकी बेरीज काढा. महाराष्ट्रात धुळ्यासारखी, बेरीज न बदलणारी कार्यालये आणखी कोणती? ०९, २७ आणि ३६ पासून सुरुवात करा.